पंचवीसच्या आत

१

न्हावी दुकानाबाहेर धावला तेव्हा त्याच्या हातात वस्तरा तसाच होता आणि आत खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तोंडाला फेस घेऊन बसलेलं होतं. आवाज तसा मोठा नव्हता. एखादं कपाट जमिनीवर आडवं पडावं तसा धप्पकन झाला, एवढंच. न्हाव्याने आधी वस्तरा थांबवलाही नाही. मग कालव्याकाठी बराच वेळ चिडीचूप राहिलं, तेव्हा तो धावला.

सायकलरस्त्याच्या कडेला गणिताच्या बाई पडल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सारं गाव त्यांना याच नावाने ओळखत होतं, कारण निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळले होते. त्यांची पिशवी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. दहा पावलांवर पांढरी विजेवर चालणारी स्कूटर आडवी झाली होती. तिच्या मागच्या पेटीवर औषधांच्या दुकानाचं चिन्ह होतं आणि खाली ठळक आकडा: तीन.

स्कूटर चालवणारं माणूस मात्र तिथे नव्हतं. समोरच्या बोळाकडे पळणारं एक पांढरं हेल्मेट न्हाव्याला पाठमोरं दिसलं, चेहरा नाही.

गाडीला नंबरप्लेट नव्हती. असायचं कारणही नव्हतं. राज्याच्या कायद्याप्रमाणे ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत पळणारी छोटी ई-स्कूटर म्हणजे सायकलची बहीण. तिला ना नोंदणी, ना परवाना. सायकलरस्त्यावरही तिला मुभा. पंचवीसच्या वर गेली की मात्र ती मोटारसायकल, आणि मग परवाना, प्लेट, विमा, सगळी शुक्लकाष्ठं मागे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गावाने निकाल लावून टाकला होता. तीन नंबरची गाडी चालवायचे ड्रायव्हरकाका. उभा जन्म बस चालवलेला माणूस. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, तसा परवाना गेला, नोकरी गेली. परवाना लागत नाही म्हणून या दुकानाची औषधं घरोघर पोचवायला लागले होते.

"आंधळ्याच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?" असं चहाच्या टपरीवर जो तो म्हणत होता. आणि हेच वाक्य, जरा इस्त्री करून, सोमवारी राज्याच्या समितीपुढे जाणार होतं. ई-स्कूटरच्या कायद्यातली परवान्याची सूट काढून टाकावी का, हे ती समिती ठरवणार होती. सुनावणी नेमकी याच गावात होती.

२

परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकबाई पोलीस ठाण्यात आल्या त्या गाडीची चाचणी घ्यायला. अंगाने किरकोळ, आवाजाने करड्या. कार्यालयात त्यांना माघारी 'गोचीड' म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. एकदा चिकटल्या की सुटायच्या नाहीत, यात वाईट वाटण्यासारखं काय, असं त्यांना वाटे.

"काम सोपं आहे, मॅडम," हवालदार म्हणाला. "आमच्या ठाण्यातल्या पोराने कालच मैदानात पळवून बघितली. गाडीचा कान पिळून पिळून हात दुखला, तरी काटा पंचवीसच्या पुढे हलत नाही."

निरीक्षकबाईंनी स्वतः पळवून पाहिली. खरंच, पंचवीस. वर एक रेघ नाही.

साहेबांचा फोन आला. "वाहन नियमात बसतं, एवढं लिहून मोकळ्या व्हा. सोमवारच्या आत अहवाल हवाय."

"लिहिते, साहेब. पण जागा बघून येते."

"जागेची चाचणी कुणी मागितलीये?"

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निघता निघता त्यांनी सीट उचलून पाहिली. आत बॅटरी चकचकीत होती, ओरखडासुद्धा नव्हता. आडवी पडून फरफटलेल्या गाडीची बॅटरी इतकी नवी कशी?

"ती हिची नाहीच," हवालदार म्हणाला. "मूळची गर्दीत कुणीतरी लांबवली. भुरट्यांना काय, सरणावरची लाकडंही चालतात. पण दुकानवाले भले हो. त्यांच्याकडून लगेच दुसरी आली, गाडीच्या किल्लीसकट."

निरीक्षकबाईंनी सीटच्या कुलपावरून बोट फिरवलं. कुलूप शाबूत होतं. पटाशीची खूण नाही, वाकलेली पट्टी नाही.

"हवालदार, तुमच्या भुरट्याकडे किल्ली होती वाटतं?"

हवालदाराने वाकून कुलूप पाहिलं.

३

सायकलरस्त्यावर मोटारी शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले असतात. स्कूटर बाईंना धडकून पुढे अशाच एका खांबावर आदळली होती. खांब मुळापासून कलला होता. निरीक्षकबाईंनी त्याला खांदा लावून पाहिला, मग लाथ घालून पाहिली. खांब ढिम्म हलला नाही.

त्यांची अर्धी नोकरी ठोकलेल्या गाड्या पाहण्यात गेली होती. पंचवीसच्या आत धावणारी हलकी स्कूटर खांबाला फार तर पोचा पाडते. असा मुळापासून कलवत नाही. म्हणजे गाडी त्या संध्याकाळी बरीच जोरात होती. आणि मैदानात ती जोरात पळत नव्हती. मधल्या काळात बदललं होतं एकच: बॅटरी.

न्हाव्याच्या दुकानात त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरच बसल्या. "तुम्ही पाहिलं तसं सांगा. ऐकलं तसं नको."

"पळत होता, मॅडम. पांढरं हेल्मेट, दुकानाचं निळं जाकीट. लंगडत होता बिचारा, लागलं असेल."

"लंगडत होता की कलला होता?"

न्हावी विचारात पडला. मग त्याने दुकानातल्या दुकानात चार पावलं टाकून दाखवली. दोन्ही पाय सरळ पडत होते, खांदा मात्र उजवीकडे झुकलेला. जड बादली उचलून नेणाऱ्या माणसासारखा.

"खांद्यावर पिशवी होती?"

"होती. औषधांची असते ना, तसली."

औषधांच्या पिशवीने माणूस इतका कलत नाही. बॅटरीने कलतो.

"आणखी काही? बोळाच्या तोंडाशी?"

"तिथे तर देवच पावला! डावीकडून एक सायकलवाला सुसाट आला. टक्करच व्हायची. पण हा पठ्ठ्या मान न वळवता नुसता अंग चोरून थांबला, सायकल गेली, की हा बोळात."

निरीक्षकबाई खुर्चीतून उठल्या. "मान न वळवता? नक्की?"

"वस्तऱ्याची शपथ. मान वळवली असती तर मला तोंड नसतं का दिसलं?"

"आणि तो पुरुषच होता, हे कशावरून? दाढी पाहिलीत?"

"हेल्मेटात दाढी कशी दिसणार, मॅडम?" न्हावी हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

४

इस्पितळात गणिताच्या बाईंच्या मांडीत सळई घातली होती. चेहरा पांढराफटक, पण नजर वर्गात फिरणारी.

"सगळे सांगतात, एका डोळ्याच्या माणसाने ठोकलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, सिद्ध करा. सिद्ध झाल्याशिवाय मी काही मानत नाही. त्यांना राग आला."

"तुम्हाला काय आठवतं?"

"आवाज नाही आला. विजेच्या गाडीला आवाज कुठला? धक्का बसला, मग आभाळ दिसलं. मग कुणीतरी माझा पाय असा आवळला की जीव गेला म्हटलं."

शेजारी उभा असलेला डॉक्टर म्हणाला, "त्या आवळण्यानेच वाचल्यात या. शीर फाटली होती. कोऱ्या पट्टीची घडी ठेवून वरून घट्ट बांधलं होतं. जाणत्या हाताचं काम. न्हावी म्हणतो तो पोचला तेव्हा पट्टी आधीच बांधलेली होती."

निरीक्षकबाईंनी मनात हिशेब मांडला. न्हाव्याच्या आधी तिथे एकच माणूस होतं. ज्याने उडवलं त्यानेच पट्टी बांधली, मग कुलूप उघडून बॅटरी घेतली आणि पळ काढला.

"बांधताना काही बोललं ते माणूस? धीर दिला? माफी मागितली?"

"एक अक्षर नाही. मला तेच चमत्कारिक वाटलं. इतका जीव तोडून बांधणारा माणूस 'बाई, सोसा' एवढं तरी म्हणेलच की."

"तुम्ही औषधं कुठून घेता?"

"त्याच दुकानातून. दुसरं दुकान चढावर आहे."

म्हणजे आवाज बाईंच्या ओळखीचा होता. म्हणून तोंडाला कुलूप.

बाईंनी निरीक्षकबाईंचं मनगट धरलं. पकड आजाऱ्याची नव्हती. "हे बघ मुली. माझ्या पायाच्या नावाने त्या माणसाला घरी बसवायचा घाट घातलाय. मला खरं काय ते शोधून दे. चुकीच्या माणसाला झालेली शिक्षा मला नकोय, मी ती वर्गातही कधी केली नाही."

५

औषधांचं दुकान लख्ख होतं. गल्ल्यामागे मालकीणबाई होत्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या कोटातल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. गावात कुणाला रात्रीबेरात्री औषध लागलं तर शटर उघडणारी बाई, असा त्यांचा लौकिक.

"काकांसाठी मी वकील दिलाय," त्यांनी आपणहून सांगितलं. "कायद्यात पंचवीसच्या आतल्या गाडीचा अपघात म्हणजे दंड, बाकी काही नाही. तो मी भरेन. माणूस सोन्यासारखा आहे हो, मी त्यांना उघड्यावर पडू देणार नाही."

मागच्या भिंतीवर चार्जिंगचे बोर्ड होते आणि शेजारी तीन खुंट्या. तिन्ही खुंट्यांवर किल्ल्या होत्या.

"तीन नंबरची किल्ली इथे कशी? पोलिसांकडे नाही?"

"दोन असतात. ही दुसरी असेल," ताई म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

काका मागच्या कोठीत बाकावर बसले होते. पोलिसांनी जबाब घेऊन सोडलं होतं, पण गाडीला हात लावायची बंदी केली होती. चालवायला गाडी नसल्याने हात मांडीवर उपरे वाटत होते.

"त्या संध्याकाळी गाडी लावली, चार्जिंगला जोडली, इथे आडवा झालो. डोळ्यात थेंब घातले की डोळे मिटून पडावं लागतं. कुणी पाहिलं का विचाराल, तर नाही."

"काका, तुमच्या पेटीत पट्ट्या असतात. बसवर प्रथमोपचार शिकवतात ना?"

"शिकवतात."

"मग बाईंचा पाय तुम्हीच बांधलात?"

निरीक्षकबाई डावीकडे होत्या; काकांनी अख्खी मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. नाकारलं मात्र नाही. पुन्हा जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी माझी, मॅडम. जबाबदारी माझी. लिहून टाका."

दुसरी पोचवणारी पोरगी म्हणजे 'वादळ'. तिला हे नाव ताईंनीच दिलेलं. अख्ख्या गावात तिच्याइतकं झटपट औषध कुणी पोचवत नसे, आणि म्हणून निरीक्षकबाईंचा तिच्यावर डोळा होता.

"मी पळवते गाडी? पंचवीसच्या गाडीने?" वादळ कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अहो मॅडम, गाडी मी जिन्याखाली लावते आणि पायऱ्यांनी पळत जाते. पाय आहेत मला, लोकांना असतात तसे. आणि त्या दिवशी माझी गाडी पंक्चर होती. विचारा आमच्या ह्यांना."

'आमचे हे' म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा बॅटरीवाला. नवऱ्याने बायकोसाठी दिलेली ग्वाही, तिला न्यायालयात किती किंमत ते सांगायला नको. पण त्याच्या गॅरेजसमोरच्या रिक्षावाल्यानेही वादळाला तिथे नवऱ्याशी कडाकडा भांडताना ऐकलं होतं. आख्खा स्टँड ती करमणूक ऐकत होता.

"ही स्कूटर जोरात पळवता येईल?" निरीक्षकबाईंनी बॅटरीवाल्याला विचारलं.

"टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. मोठी बॅटरी लावली की झालं. रोज कुणी ना कुणी मागतं. मी हात जोडतो. मग ती मोटारसायकल होते, आणि विनापरवाना, विनाप्लेट मोटारसायकलने माणूस जखमी केला तर चालवणारा आत आणि गाडी बदलून घेणारा मालकही आत. मला पोरंबाळं व्हायचीत अजून."

"मग तीन नंबरच्या गाडीचा प्लग नवा आणि जाड कसा? मी पाहिला."

त्याचा चेहरा उतरला. वादळ पुढे झाली. "सांगून टाका. लपवून आपल्या गळ्याशी येईल."

"मी बॅटरी नाही लावली, मॅडम. देवाशप्पथ. फक्त प्लग बदलला. म्हणाले, जुना तापतो. मला शंका आली होती, पण मी विचारलं नाही."

"कोण म्हणालं?"

तो बायकोकडे बघून पुटपुटला, "काका. गाडी घेऊन काकाच आले होते."

६

ठाण्यात परतल्यावर निरीक्षकबाईंनी हवालदारापुढे खुर्ची ओढली. "दुसरी बॅटरी दुकानातून आली म्हणालात. कधी?"

"गाडी टेम्पोतून उतरवत होतो तेव्हा. बघा किती तत्पर."

"त्याआधी तुम्ही दुकानात फोन केला होता?"

"केला की. तुमच्या तीन नंबरच्या गाडीने बाईंना उडवलंय, गाडी ठाण्यात नेतोय, एवढंच बोललो."

"बॅटरी नाही, हे सांगितलंत?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? सीट तर..." हवालदार थबकला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सरळ झाल्या. "सीट तर त्याने बॅटरी आणल्यावर उघडली! अरेच्चा! म्हणजे त्याला आधीच माहीत होतं!"

"कुणाला? बॅटरी घेऊन कोण आलं होतं?"

"तोच! एका डोळ्याचा!" हवालदार उठून उभाच राहिला. "मॅडम, झालं की काम. गाडी त्याची, प्लग त्याने बदलून घेतला, बॅटरी गायब आहे हे त्यालाच ठाऊक. उचलतो त्याला."

पुरावा पाण्यासारखा स्वच्छ होता. निरीक्षकबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आपल्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि सरळ समोर पाहिलं.

"हवालदार, माझ्या डावीकडून या. हळू."

तो आला. अगदी कोपराला कोपर लागेपर्यंत आला, तरी त्यांना दिसला नाही.

"बोळाच्या तोंडाशी डावीकडून सायकल आली. पळणाऱ्याने मान न वळवता ती पाहिली आणि अंग चोरलं. काकांना ती सायकल दिसली असती ती अंगावर आल्यावरच. तो माणूस डावीकडची मुंगी बघायलाही अख्खी मान फिरवतो. पळणारं माणूस दोन डोळ्यांचं होतं."

"मग बॅटरीचं काकाला कसं ठाऊक?"

"त्यांना ठाऊक नव्हतं. ते नुसते हमाल होते. दोन्ही वेळा. त्यांना पाठवणाऱ्याला ठाऊक होतं." त्या उठल्या. "आणि आज ते गप्प बसलेत, कारण आता त्यांनाही ते कळलंय."

७

दुपारी दुकानात वर्दळ नव्हती. ताई गोळ्यांची पाकिटं लावत होत्या. वादळ दाराशी आणि काका कोठीच्या उंबऱ्याशी उभे होते. निरीक्षकबाईंनी आवाज चढवला नाही.

"ताई, बाईंच्या पायाची पट्टी फार चांगली बांधली होती. डॉक्टरांनी कौतुक केलं."

ताईंचे हात क्षणभर थांबले, पुन्हा चालू लागले.

"पोलिसांनी फोनवर अपघाताचं सांगितलं, बॅटरीचं नाही. तरी तुम्ही बॅटरी पाठवलीत. गाडीत बॅटरी नाही हे त्या वेळी जगात एकाच माणसाला माहीत होतं. ज्याने ती काढून नेली त्याला. प्लग बदलायलाही काकांना तुम्हीच धाडलंत. आणि पळताना किल्ली तुमच्या हातात राहिली, ती सवयीने खुंटीवर गेली. गाडी सापडली तेव्हा तिला किल्लीच नव्हती; ठाण्यात आहे ती दुसरी, काकांनी बॅटरीबरोबर आणलेली."

"काहीतरीच काय! माझ्या दुकानात पाच जण येतात-जातात," ताई म्हणाल्या. पण कोट त्यांनी अंगाशी घट्ट ओढून घेतला होता.

"खरं आहे. म्हणून मी काकांना विचारणार आहे. काका, बॅटरी घेऊन ठाण्यात जा, असं कोण म्हणालं?"

काकांनी मान खाली घातली. "मला आठवत नाही."

"काका!" वादळ ओरडली. "तुमच्या पोटावर पाय येतोय आणि आठवत नाही काय?"

"माझा परवाना गेला तेव्हा बारा दारं पुजली मी," काका सावकाश म्हणाले. "एकानेही उभं केलं नाही. ताईंनी किल्ली हातात दिली. बाकी मला काही आठवत नाही."

 मग ताईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि त्या स्टुलावर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

"चढावरच्या वस्तीत एका लहान पोरीला दम्याचा झटका आला होता. तिच्या आईचा फोन. वादळाची गाडी पंक्चर, काका डोळे मिटून पडलेले. मी निघाले. चढावर या गाड्या गोगलगायीसारख्या चढतात म्हणून मी एक मोठी बॅटरी आणून ठेवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सायकलरस्ता जवळचा म्हणून तिथून घातली."

"बाई दिसल्या नाहीत?"

"दिसल्या. दिसल्या हो! पण ब्रेक त्या वेगाचे नाहीतच. गाडी पंचवीसची आणि बॅटरी चाळिसाची." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "रक्त थांबवलं. न्हाव्याचं दुकान जवळच, म्हटलं आता त्यांना माणूस मिळेल. आणि मग डोक्यात दुसरंच आलं. बॅटरी तशीच राहिली तर तुरुंग, दुकान बंद. बॅटरी गेली तर नुसता दंड. माझ्या हातांनी कुलूप कधी उघडलं मलाच कळलं नाही."

"औषध?"

"पोचवलं. पायी. पोरगी बरी आहे." त्यांनी काकांकडे पाहिलं. "काका, मला वाटलं होतं, फार तर दंड होईल. तो मी भरणारच होते. तुमचं काही जाणार नव्हतं."

काका इतका वेळ उंबऱ्याशी होते, ते दोन पावलं पुढे आले. रागावले नव्हते. 

"ताई, इतकी वर्षं बस चालवली, माझ्या चाकाखाली मांजर आलं नाही. डोळा गेला तेव्हा लोक म्हणाले, बिचारा. कालपासून म्हणतात, खुनी होता होता राहिला. नातीला शाळेत पोरांनी विचारलं. ते कसं भरून देणार होतात?"

 ताईंनी पांढरा कोट काढला, घडी घातली आणि गल्ल्यावर ठेवला.

"शटर मी ओढते," त्या म्हणाल्या. "चला."

८

सोमवारी समितीच्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. साहेबांना हवा असलेला एक ओळीचा अहवाल आला नव्हता. आला होता तो लांबलचक, आणि तो वाचायला गोचीड स्वतः उभी होती.

"अपघात पंचवीसच्या आतल्या गाडीने झालेलाच नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या. "तो बेकायदा बदललेल्या गाडीने झाला. चालवणाऱ्याला दोन्ही डोळे आहेत आणि मोटारीचा परवानाही आहे. परवाना असता तर अपघात टळला असता, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग तुमचं म्हणणं काय, कायदा जसा आहे तसाच ठेवायचा?"

"नाही, साहेब. बॅटरीच्या खणाला सील हवं आणि प्रत्येक गाडीला नंबर हवा. नंबर असला की गाडीबद्दल मालकाला जाब विचारता येतो. पण माणसाची सूट काढू नका."

मागून चाकांची खुर्ची आली. गणिताच्या बाईंनी इस्पितळातून सुट्टी मिळवली होती. डॉक्टरांशी वाद घालून, अर्थात.

"कायदा मोडणाऱ्या गाडीने मला पाडलं, म्हणून कायदा पाळणाऱ्याची गाडी काढून घेणार?" त्यांनी समितीकडे एकेक करून पाहिलं, जणू कुणी गृहपाठ केला नाही ते शोधत होत्या. "हे उत्तर चुकलंय. पुन्हा सोडवा."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले. ते याच गावच्या शाळेत होते की काय, अशी नंतर बरीच कुजबुज झाली.

सूट राहिली. सील आणि नंबराचं कलम आलं. ताईंवर खटला उभा राहिला आणि त्यांनी एकही आरोप नाकारला नाही. दुकान काही आठवडे बंद होतं. मग ताईंच्या भाचीने, तीही औषधशास्त्र शिकलेली, ते पुन्हा उघडलं. पहिल्याच दिवशी ती काकांच्या घरी गेली आणि त्यांना या म्हणाली. काकांनी हो म्हणायला दोन दिवस घेतले.

त्यानंतरच्या एका सकाळी निरीक्षकबाई कार्यालयाच्या जीपमधून चढाच्या रस्त्याने निघाल्या होत्या. पुढे एक पांढरी स्कूटर, मागे कोरी करकरीत नंबरप्लेट, आपल्या वेगाने चढत होती. चालवणारा प्रत्येक वळणावर अख्खी मान डावीकडे फिरवून पाहत होता. रस्ता अरुंद होता, पुढे जायला जागा नव्हती. जीपच्या मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, कुणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडलं.

चालकाने हॉर्नवर हात नेला. "वाजवू का, मॅडम? उशीर होतोय."

"हात खाली घे," त्या म्हणाल्या. "ते बरोबर चालवतायत."

आणि चढ संपेपर्यंत जीप त्यांच्या मागे राहिली.